कॅस्टीलच्या राणीची यादी

४ जानेवारी, शनिवार

शुद्धलेखनाला हसायचं नाही. वाचणार कुणीच नाहीये, पण तरी सांगून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाच कळलं नव्हतं, आणि शाळा तर नववीतच सुटली. वर मी एका बोटानं टाइप करते. एवढं लिहायला अकरा मिनिटं गेली. अवनी म्हणते, दीदी, रोज डायरी लिही, स्पीड येईल. लॅपटॉप तिचाच जुना.

अवनी अनुराधा मावशीची मुलगी. बारा वर्षांची, दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला राहते, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. आम्ही दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला. आमचं किचन आहे, लेबर कॅम्पला डबे जातात. दुपारी चारशे वीस, रात्री चारशे वीस. बोर्डावर बाबांचं नाव, पण चालवते ममताताई. आधी आई चालवायची. आई गेली त्या वर्षी ताईनं कॉलेज सोडलं आणि मी शाळा. ताई खूप रडली. मी रडले नाही. वर्गात उभं राहून उत्तर द्यायला नको म्हणून मला उलट बरं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज मावशी स्थळ घेऊन आली. रास अल खैमाचे रामेश्वर शेठ. त्यांचं किचन सिमेंट आणि टाइल्सच्या कंपन्यांना जेवण देतं, नऊशे माणसं. मुलगा सुजीत. आता एका नव्या कंपनीचे कॅम्प दोन्हीकडे होतायत आणि त्यांना दोन्हीकडे एकच केटरर हवाय. आम्हाला एकट्याला झेपणार नाही, त्यांनाही नाही.

मावशी एका ऑफिसात एचआर आहे. ती म्हणाली, "भाऊजी, दोनच ऑप्शन. मर्जर नाहीतर मॅरेज."

बाबा म्हणाले, "मर्जरला वकील लागेल. लग्नच करू."

ताई डाळ धूत होती. तिनं पाणी तीनदा बदललं.

११ जानेवारी, शनिवार

अवनीला शाळेत प्रोजेक्ट आहे, स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्डिनांड. मी चार्ट रंगवून दिला, ती वाचत होती. मला आधी कंटाळा आला. मग नाही आला.

ही इसाबेला कॅस्टीलची. लग्न झालं तेव्हा अठराची. तिचा सावत्र भाऊ राजा होता, तो तिला पोर्तुगालच्या म्हाताऱ्या राजाला देत होता. तिनं स्वतःच शेजारच्या अरागॉनचा फर्डिनांड निवडला, तो सतराचा. दोघांनी एकमेकांना बघितलंही नव्हतं. भावाची माणसं वाटेत पकडतील म्हणून तो खेचरं हाकणारा नोकर बनून आला. धर्मशाळेत आपल्याच माणसांना जेवण वाढायचा.

"सो क्यूट ना?" अवनी म्हणाली.

मला क्यूट नाही, दुसरंच आवडलं. लग्नाआधी तिनं त्याच्याकडून कागद लिहून घेतला. तो तिच्याच राज्यात राहणार. तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. बाहेरच्या माणसाला तिच्याकडे नोकरीवर ठेवणार नाही. प्रत्येक हुकमावर दोघांच्या सह्या.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या याद्या!"

अवनीला याद्या माहीत नाहीत. मी सांगितलं, आपल्यात लग्नाआधी दोन्हीकडची माणसं बसतात, कुणी काय करायचं, मानपान काय, सगळं लिहून काढतात, कागदाला हळदकुंकू लावतात, सह्या होतात.

"सो इट्स अ प्रीनप," ती म्हणाली. असेल.

त्याच्याही आधीचा एक कागद होता. भावाबरोबरचा. तिच्या मनाविरुद्ध तिचं लग्न लावायचं नाही, असा. तो मी चार्टच्या कोपऱ्यात बारीक घातला, जागा नव्हती.

शेवटचा चार्ट त्यांच्या मुलींचा. एकीला पोर्तुगालला दिली, ती वारली तर तिच्या नवऱ्याला धाकटी दिली. एक फ्लँडर्सला, एक इंग्लंडला. मी मुलींना गुलाबी रंग दिला. ताई चहा घेऊन आली आणि तोच चार्ट बघत उभी राहिली, चहा गार झाला तरी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. चारशे वीस डब्यांत एक एक तिळाचा लाडू.

पत्रिकेत घोळ झाला. ताईचा जन्म शारजाचा, सकाळी दहा वीस. मावशीनं ॲपमध्ये शारजा टाकलं तर मंगळ आठव्या घरात. रामेश्वर शेठना मंगळ चालत नाही. मग मावशीनं वेळ तीच ठेवली आणि गाव चिपळूण टाकलं. इथलं आणि भारताचं घड्याळ दीड तासानं मागेपुढे, त्यामुळे मंगळ उठून नवव्यात गेला.

"पण ममता चिपळूणला कुठं जन्मली?" बाबा म्हणाले.

"मूळ गाव तेच ना? मग खोटं काय त्यात?" मावशीनं प्रिंट काढली.

अवनीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच. तिच्या राजाराणीचं आजोबांकडून नातं होतं, पोपची परवानगी लागत होती. तर त्यांनी खोटीच आणली. मेलेल्या पोपच्या नावानं! म्हणजे आपली मावशी बरी. तिनं फक्त गाव बदललं.

१९ जानेवारी, रविवार

झुबेदा खालानं कांद्यावर नवा माणूस आणलाय. खाला आमची मुख्य स्वयंपाकीण, दापोलीकडची, आईच्या वेळेपासून आहे. माणसाचं नाव राहुल. किचनमध्ये सगळ्यांना टोपी आणि मास्क, त्यामुळे तोंड दिसत नाही. मला चालतं. मी तसंही लोकांच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. याच्या डाव्या अंगठ्याचं नख निळं पडलंय. कांदा अजिबात येत नाही. पहिल्या अर्ध्या तासात बोट कापलं.

ताईनं पट्टी बांधली आणि झापलं, "कांदा कापायला सांगितला होता. बोटं मेनूत नाहीत."

तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या डब्यांना रोज किती भात शिजवता?"

"तुला कशाला पंचायत? हात चालव."

"हातच चालवला, म्हणून तर कापलं."

ताई हसली. आई गेल्यापासून किचनमध्ये ताई हसताना मी पाहिली नव्हती. चांगला कांदेवाला लवकर मिळत नाही, म्हणून खूश असेल. पण हा तर चांगलाही नाही.

२२ जानेवारी, बुधवार

राहुल आला नाही. तीनच दिवसांत पळाला. खाला म्हणाली, "ज्या कामाला आलेला ता झाला त्याचा." अर्धं पोतं कांदा तसाच पडलाय, आणि म्हणे काम झालं.

२५ जानेवारी, शनिवार

रामेश्वर शेठ येऊन गेले. मोठा माणूस, मोठा आवाज. खुर्चीत बसले की खुर्चीच बोलतेय असं वाटतं. सोबत पुतण्या कैवल्य, सतत मोबाइलमध्ये. सुजीत कामावर होता म्हणे. त्याचा फोटो बघितला, सूट आणि काळा गॉगल.

शेठनी सगळं किचन फिरून बघितलं, भांडी ठोकून बघितली. मग बाबांना म्हणाले, "केरू, पोरगी कामाची आहे तुझी. पण आमच्या घरची सून किचनात उभी राहत नाही. ती रासला, घरी. इथं आमचा कैवल्य बसंल. माणसं पण तो आपली आणंल, गावाकडची."

बाबा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

हे बाबा सगळ्यांनाच म्हणतात. पाणीवाल्यालाही.

म्हणजे ताईचं किचन जाणार. खाला जाणार, बाकीची दहा माणसं जाणार. आईनं एका शेगडीवर चालू केलेलं हे. ताईला विचारलं, तू का बोलली नाहीस? ती म्हणाली, "बघू." मग म्हणाली, "त्या राणीच्या कागदात काय काय होतं गं, परत सांग." मी सगळं सांगितलं. ती भाजी ढवळत ऐकत होती. बिचारी. मन दुसरीकडे वळवत असेल.

२७ जानेवारी, सोमवार

मी ठरवलं. याद्या टाइप करायचं काम माझ्याकडेच आहे, कारण लॅपटॉप माझ्याकडे. मानपानाच्या खाली मी राणीची कलमं घालणार. हे चुकीचं आहे हे मला कळतं. पण बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहतो, आणि टाइप करायला आवाज लागत नाही.

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून खालाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं राणीचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ही तीच काय गो, ग्रॅनडावाली? मुसलमानांचा शेवटचा राज घेतलान, यहुदींना देशातून हाकललान, मग आमच्या लोकांना सांगितलान, धर्म बदला नायतर चालू पडा. माझ्या नातवाच्या पुस्तकात हाय. तिच्या कागदावर तू माझी नोकरी वाचवतंस?"

अवनीच्या चार्टवर हे नव्हतं. ती म्हणाली होती, देअर वॉज नो स्पेस.

खालानं पोळी उलटवली. "लिव लिव. कागद चांगला हाय. बाईचा मी बोलत नाय."

मग मी एक कलम माझ्या मनानं घातलं, राणीच्या उलट. किचनमधल्या कुठल्याही माणसाला गावावरून, जातीवरून, धर्मावरून काढायचं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

उद्या याद्या. टाइप झालं. एक ते नऊ मानपान. दहा, सुजीत लग्नानंतर उम्म अल कुवैनला राहील. अकरा, दोन्ही किचनच्या प्रत्येक ऑर्डरवर आणि नोकरीच्या कागदावर दोघांच्या सह्या. बारा, माणसांना काढायचं नाही ते. एकूण बारा. तीनदा मोजली.

मानपान सोळाच्या अक्षरात, शेवटची तीन नऊच्या.

संध्याकाळी ताईनं लॅपटॉप मागितला, गॅसवाल्याचा ईमेल बघायचाय म्हणे. फाइल समोरच उघडी होती. ताईनं पाऊण तासानं परत दिला. 'झालं,' म्हणाली. बघितलं नसणार. तिला गॅसचंच टेन्शन असतं. सकाळी प्रिंट पण तीच काढून आणणार आहे, मला दुकानात बोलायला लागू नये म्हणून.

१ फेब्रुवारी, शनिवार

झालं. लगेच लिहून काढते.

सगळे आमच्या हॉलमध्ये. मावशी मोठ्यानं वाचत होती. पहिलं कलम, मुलाच्या आईला पैठणी. दुसरं, फेटे किती. शेठ म्हणाले एकवीस, बाबा म्हणाले तुम्ही म्हणाल तसं, मावशी म्हणाली अकरा. फेट्यांवर अर्धा तास गेला. विहिणीची पंगत चांदीच्या ताटात का स्टीलच्या, यावर वीस मिनिटं.

नववं कलम व्हॅनवरच्या नावाचं. शेठ म्हणाले, आमचं नाव पुढं. मावशी म्हणाली, अल्फाबेटिकल करू. शेठ म्हणाले, अल्फाबेट कुणाचं? आवाज इतका चढला की शेजारचा पठाण दार वाजवून विचारून गेला, सब खैरियत?

तेव्हा अवनी म्हणाली, "दे हॅड द सेम फाइट. हिज नेम फर्स्ट, हर सिम्बॉल फर्स्ट." राजाराणीनं तसंच मिटवलं होतं, कागदावर आधी राजाचं नाव, पण आधी राणीचं चिन्ह. मावशीनं लगेच मराठी केलं: नाव शेठचं पुढे, पण वर मोठं चित्र आमच्या पातेल्याचं.

"नाव आमचं पुढं ना?" शेठ म्हणाले. "मग झालं की."

अडीच वाजले होते. मावशीनं पान उलटलं, दहावं कलम समोर आलं. तेवढ्यात आतून ताईनं कटाच्या आमटीला फोडणी दिली. नेमकी तेव्हाच. नशीब किती असावं! सगळ्या हॉलमध्ये वास. आणि सुजीत पहिल्यांदा बोलला, "पप्पा, भूक लागली. खाली नेहमीचंच असतं, मी वाचलंय. सही करा."

"खलास, यल्ला," शेठ म्हणाले, म्हणजे झालं, चला. चष्मा गाडीतच राहिला होता. दोन्ही प्रतींवर सह्या केल्या, सुजीतच्या आईनं चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. शेवटी सुजीतनं सही केली. आणि मी त्याचा हात बघितला. निळं नख. बोटावर कापल्याची खूण.

तोच कांदेवाला.

मी खालाकडे बघितलं. खाला छताकडे बघत होती.

म्हणजे तो ताईला आणि किचनला बघायला आला होता, नोकर बनून. मी किती घाबरले! ताईला बिचारीला काही माहीत नसणार, तीन दिवस त्याला शिव्या घातल्या तिनं. आणि तो म्हणाला, मी वाचलंय. कसं वाचेल? कागद तर आत्ताच आला होता. भुकेपोटी माणूस काहीही बोलतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कैवल्य आला. पिकअपमध्ये फिरती खुर्ची, टेबल आणि स्वतःचा कॉफीचा मग घेऊन. म्हणाला, मी मॅनेजर. खालानं त्याला दारातच थांबवलं आणि ताईनं आतून कागद आणला. अकरावं कलम त्याच्यापुढे धरलं.

"पण काकांनी सांगितलंय," तो म्हणाला.

"काकांनीच सही केलीय," ताई म्हणाली. "चहा घेऊन जा."

तो चहा प्यायला, स्वतःच्याच मगमध्ये. मग खुर्ची परत पिकअपमध्ये चढवली. ती चाकांवर सारखी घरंगळत होती.

आता उद्या शेठ येणार. ताईचं लग्न माझ्यामुळे मोडणार. किचन वाचवायला गेले आणि दोन्ही घालवलं. आई असती तर ती सरळ बोलली असती. मी चोरून लिहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

शेठ आले, सुजीत आला, मावशी आणि अवनी पण आल्या. शेठनी कागद टेबलावर आपटला. आज चष्मा होता.

"केरू, हे काय आहे? पोरगा घरजावई? ऑर्डरीवर बाईची सही? कुणी लिहिलं हे?"

बाबा म्हणाले, "तुम्ही म्हणाल..." आणि थांबले, कारण पुढे काय म्हणायचं तेच कळेना.

ताईनं तोंड उघडलं, माझ्यासाठी खोटं बोलणार होती हे मला दिसलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मी."

मीच होते ती. मी शेठच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या आहेत, हे मला आजच कळलं. "मी लिहिलं. ताईनं नाही. सही करताना तुम्ही वाचायला पाहिजे होतं."

शेठ उभे राहिले. "मोडलं! लग्न मोडलं!"

"मोडा," सुजीत शांतपणे म्हणाला. "पण पप्पा, रासपासून दुबईपर्यंत सगळे विचारतील का मोडलं म्हणून. सांगावं लागेल, रामेश्वर शेठनी न वाचता सही केली. नऊशे माणसांचं काँट्रॅक्ट करणारा माणूस."

शेठनी चष्मा काढून पुसला. मग बसले. दहा, अकरा, बारा परत वाचली. "व्हॅनवर नाव पुढं आहे ना आमचं?"

"आहे की. नववं," ताई म्हणाली.

"मग ठीक आहे. लोकांना काय, व्हॅन दिसती, कागद दिसत नाही." त्यांनी चहा मागितला. म्हणजे लग्न होणार आणि किचन ताईचंच राहणार! खाला आत जाऊन भांडी उगाच आपटायला लागली. ती रडताना नेहमी आपटते.

मग शेठनी माझ्याकडे बघितलं, भांडी ठोकून बघतात तसं. "ही कितीची? सतरा? केरू, असलं डोकं बाहेर कशाला द्यायचं? पुढच्या वर्षी आमच्या कैवल्यला करून टाकू. दोन्ही पोरी एकाच घरात."

मावशी म्हणाली, "वाव, डबल मर्जर!" अवनी म्हणाली, "ममा, स्टॉप." बाबांचे डोळे चमकले. मला गुलाबी रंगाचा चार्ट आठवला. आवाज परत गेला, जिथून आला होता तिथंच.

ताई म्हणाली, "शेठ, शेवटच्या पानाच्या मागे बघा. तेरावं कलम. सगुणा, वाच."

मी वाचलं. पहिल्यांदा पुटपुटले, ताई म्हणाली मोठ्यानं, मग मोठ्यानं वाचलं. "धाकटी बहीण सगुणा हिच्या लग्नाचा विषय, ती स्वतः स्वतःच्या तोंडानं काढेपर्यंत, दोन्ही घरांपैकी कुणीही काढायचा नाही."

"हिच्या तोंडानं?" शेठ म्हणाले. "म्हणजे गेलाच जन्म!"

सगळे हसले. शेठही हसले, आणि विषय तिथंच संपला, कारण खाली त्यांचीच सही होती.

पण मी बाराच कलमं टाइप केली होती. तीनदा मोजली होती. आत्ता फाइल उघडून बघितली, तेरावं आहे, माझ्याच फाँटात, नऊच्याच साइजमध्ये. शुद्धलेखन मात्र एकदम बरोबर आहे. मी ते चार्टच्या कोपऱ्यातल्या त्या कागदावरून कधीतरी घातलं असणार आणि विसरले असणार. भीतीत माणूस काहीही टाइप करतो. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "गॅसवाल्याचं काम असेल," आणि सुजीतला फोन लावायला बाहेर गेली.

समोरचा टायरवाला ओरडत आलाय. खाडीत समुद्रगाय आलीय म्हणे, आमच्या व्हॅनपेक्षा लांब, आणि शांतपणे पाण्यातलं गवत खातेय. सगळे बघायला पळाले. मी पण चालले.